कप्तानाला बघायला

काकासाहेबांचा कप्तान माणूस ओळखतो, असं आमच्या गावात कौतुकानं सांगायचे. तलाठी आला की कप्तान डोळे मिटून पडून राहायचा. सोसायटीचा चेअरमन आला की शेपूट हलवायचा. आमच्या वस्तीतलं कुणी त्या गल्लीला लागलं की मात्र साखळी ताणून असा उठायचा, की लहान पोरं जागीच चड्डी ओली करायची. "बघा, मुक्या जनावराला बी कळतं," असं ओट्यावरचे लोक म्हणायचे आणि एकमेकांना टाळ्या द्यायचे. जनावराला कळतंय डोंबल! मालक कुणाला पाहून 'छू' म्हणतो आणि कुणाला पाहून 'बस' म्हणतो, एवढंच त्याला कळत होतं. माणसं ओळखायची अक्कल सगळी काकासाहेबांची होती.

कुत्रा होता मात्र दांडगा. कान कापलेले, छाती रुंद, जालन्याच्या कुण्या जिनिंगवाल्याकडून पिल्लू असताना आणलेला. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सुकडी खाऊन खडी फोडली, तेव्हासुद्धा त्याची भाकर दुधात कुस्करलेली असायची. ते आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

मी सत्यशीला. वसंताची बायको, चांगुणाबाईंची सून. दुष्काळ सरल्यावर नवरा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात लागला होता आणि आठवड्याला घरी यायचा. मी घरी शिलाईचं मशीन चालवायची. सरकारी वर्गात शिवण शिकले होते आणि हात चांगला बसला होता, माझं मीच सांगते. गावातला शिंपी गड्यांचे सदरे-पायजमे शिवायचा, झंपर शिवणारी मी एकटीच. म्हणून मोठ्या घरच्या बायकांना माझ्याकडे यावं लागायचं. म्हणजे त्या यायच्या नाहीत, कापड यायचं, आणि मापाला एक जुनं झंपर यायचं. माप घ्यायला मी अंगाला हात लावलेला चालत नसे, पण मी शिवलेलं झंपर अंगात घालायला कुणाला काही वाटत नसे. हे कोडं मला आजपर्यंत सुटलेलं नाही.

त्या दिवशी उषाबाईंची झंपरं द्यायला निघाले. उषाबाई म्हणजे काकासाहेबांच्या बायको. त्यांना राजूरला गणपतीला जायचं होतं, म्हणून सकाळपासून निरोपावर निरोप. आम्ही त्या घराला मागच्या बोळातून जायचं, असा रिवाज. पण बोळात सांडपाण्याचा चिखल झाला होता आणि मला सहावा महिना लागला होता. पाय घसरला असता तर? म्हणून मी सरळ पुढच्या गल्लीनं गेले.

काकासाहेब ओट्यावर पानाला चुना लावत बसले होते. त्यांनी मला पाहिलं. 'बस' म्हणाले नाहीत. 'छू' म्हणाले का, ते मला ऐकू आलं नाही आणि न ऐकलेलं मी सांगणार नाही. कप्तानानं खुंट्यासकट उडी घेतली आणि माझ्या पोटरीत दात रुतवले. मी पोटाला दोन्ही हात धरून भिंतीला टेकले. झंपरं धुळीत पडली. सालदार पुंजाराम धावत आला, त्यानं साखळी ओढली, तेव्हा कुठं ते तोंड सुटलं.

"पुढून कामून आली?" काकासाहेब बसल्या जागेवरून म्हणाले. "तुला म्हाईत न्हाई का कप्तान कसा हाय?"

"कप्तान कसा हाय ते म्हाईत होतं," मी म्हणाले. "बांधणारा कसा हाय ते आज कळलं."

उषाबाई आतून पानावर तिखट आणि तेल घेऊन आल्या. ज्याचा कुत्रा, त्याच्या घरचं तिखट जखमेवर भरायचं, अशी आमच्याकडची पद्धत. त्यांनी ते पान वरून माझ्या ओंजळीत सोडलं. मी ते तिथंच पायरीवर ठेवलं आणि लंगडत घरी आले. जखम कपड्याच्या साबणानं धुतली, खसाखसा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या सासूबाईंचं म्हणणं, सात विहिरींत डोकावायला पाहिजे, मग विष उतरतं. गावात विहिरी पुष्कळ होत्या, पण आम्हाला डोकावू देणारी एकच. "आत्याबाई, बाकीच्या सहा कुठून आणता?" असं मी विचारलं, तर त्या रडायलाच लागल्या.

दुसऱ्या दिवशी माझा दीर कडूबा मला एस.टी.नं भोकरदनला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी जखम पाहिली, मग माझं पोट पाहिलं.

"कुत्रा पाळलेला आहे ना?" त्यांनी विचारलं. "आणि जखम पायाला आहे. मग सुया लगेच नको. चावल्यापासून दहा दिवस त्या कुत्र्यावर नजर ठेवा. खातो का, पाणी पितो का, धड वागतो का, ते रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दहा दिवस धड राहिला तर भिण्याचं कारण नाही. पण मेला, आजारी पडला किंवा दिसेनासा झाला, तर त्याच दिवशी माझ्याकडे या. मग मात्र सुया घ्याव्याच लागतील."

"कुठं टोचतेत?" मी विचारलं.

"पोटात," डॉक्टर म्हणाले. "बाळाला काही होणार नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

एस.टी.त मी खिडकीला डोकं लावून बसले. आधीचं एक मूल माझ्या हातून गेलं होतं, चार महिन्यांचं, पोटातच. हे दुसरं. आतून लाथा मारायला लागलं होतं. ज्या कुत्र्याला मी मनातल्या मनात शंभर शिव्या घातल्या, त्याच्याच जिवाला आता मला जपायचं होतं. नशिबानं थट्टा करावी ती किती!

वस्तीवर आलो तर पोरांनी वेगळाच बेत केलेला. कडूबाचे दोस्त भाकरीत काच कुटून घालायच्या तयारीत बसले होते. कडूबा म्हणाला, "वहिनी, तुम्ही आराम करा. उद्यापसून गावात कप्तान न्हाई."

"भावजी, त्या कुत्र्याला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ हाय," मी म्हणाले. "डॉक्टर काय बोलले ते तुमच्या समोर बोलले ना? कुत्रा मेला का सुया माझ्या पोटात. समजलं का बराबर?"

"मंग काय त्याची पूजा करायची? पोलिसात तरी जाऊ."

"जाऊ की. अगोदर लेकरू, मंग पोलिस."

पोरं चिडली, पण भाकर उकिरड्यात पुरली. त्या दिवसापासून वस्तीतल्या बायका मला कप्तानाची मावशी म्हणायला लागल्या. म्हणू द्या. मला हसणाऱ्यांशी भांडायला वेळ नव्हता.

सकाळी मी पुन्हा पुढच्या गल्लीनं गेले. सोबत आत्याबाई, हातात काठी. खुंटा नवा ठोकलेला होता आणि कप्तान साखळीच्या टोकाशी उभा राहून असा भुंकत होता की ओट्यावरचा तांब्या वाजावा. मी त्याच्या उडीच्या पलीकडं उभी राहिले.

काकासाहेबांनी मान वर केली. "काय? दवापाण्याला जवारी पाह्यजे? पुंजाराम, दे रे हिला पायलीभर."

"जवारी नको. कुत्रा पाह्यला आले."

"काय?"

"डॉक्टरनं सांगितलंय. धा दिस रोज पाह्यचा. माझ्या समोर पाणी पाजा."

काकासाहेब हसले. त्यांना वाटलं, बाई घाबरून वेडी झाली. मग हसू मावळलं. "अन् मी म्हणलं, रोज रोज हितं यायचं न्हाई, तर?"

"तर मी ह्या पायरीवर बसते. येणारा-जाणारा इचारंल, कामून बसली. मंग ज्याला त्याला सांगते."

पायरीवर म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. मी तिथं बसले तर पायरी धुवावी लागेल, हा त्यांचा हिशोब. मी काय सांगेन, याची त्यांना फारशी काळजी नसावी. त्यांनी पुंजारामाला खूण केली. पुंजारामानं जर्मनच्या भगुण्यात पाणी आणून ठेवलं. कप्तान भुंकायचा थांबला आणि लपालपा पाणी प्याला. मी वाकून पाहिलं, जय भीम केला आणि घरी आले.

मग रोज तेच. ऊन तापायच्या आत मी जायची. वसंता सुट्टीला आला तेव्हा तोही सोबत आला, मुठी आवळून उभा राहिला आणि मी डोळे वटारले म्हणून गप्प बसला. कप्तान खातो का तेही बघायचं म्हणून मी पदरात भाकरीचा तुकडा न्यायला लागले. पहिल्यांदा लांबून टाकला. त्यानं हुंगला, माझ्याकडं पाहिलं आणि गिळला. पुढं पुढं मी दिसले की तो भुंकायच्या ऐवजी तोंड उघडून वाट बघायला लागला. आत्याबाईंच्या काठीलाही तो सरावला. माझ्यामागं आमच्या वस्तीतल्या बायका गंमत बघायला येऊ लागल्या, मग शाळेची पोरं, कारण ओढ्याकडून वळसा घालण्यापेक्षा ही गल्ली जवळची. कुत्र्याचं कसं असतं, रोज दिसणाऱ्याला तो परका धरत नाही. ही गोष्ट त्या ओट्यावर मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

खरं सांगते, मलाही त्याची सवय लागली. राग गेला नव्हता, पोटरी ठणकत होती. पण त्याच्या डोळ्यांत बघून, आज हा धड आहे, असं मनाशी म्हटलं की मला दिवसभर शिवायला बळ यायचं.

शेवटून दुसरा दिवस होता. काकासाहेबांकडं अंबडकडचे सोयरे आले होते, मुलीच्या स्थळाची बोलणी करायला. कडक इस्त्रीचं धोतर, टोपी, बोटात अंगठ्या. ओट्यावर गादी घातलेली. काकासाहेब त्यांना कप्तानाची थोरवी सांगत होते, माणूस कसा ओळखतो, परका माणूस गल्लीत कसा पाय ठेवत नाही. नेमकी तेव्हाच मी पोहोचले. कप्तान उठला, कमरेपासून अंग हलवत, कान पाडून, लाडात आल्यासारखा कुंई कुंई करायला लागला. मी तुकडा टाकला. त्यानं खाल्ला आणि मातीत उताणा पडला.

सोयरे मोठ्यानं हसले. "काकासाहेब, कुत्रा तुमचा का ह्यांचा?"

आतल्या दाराशी उषाबाईंनी पदर तोंडाला लावलेला मी पाहिला. काकासाहेब हसले नाहीत. त्यांनी कप्तानाकडं असं पाहिलं, जसं माझ्याकडं पाहायचे. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

दहाव्या दिवशी गेले तर खुंटा मोकळा.

सोयरे मुक्कामाला होते, ओट्यावर चहा चालला होता. "कप्तान कुठाय?" मी विचारलं.

"इकला," काकासाहेब म्हणाले.

"कुणाला?"

"तुला काय करायच्यात चौकश्या? जाय घरी."

"आजचा एक दिस राह्यलाय, काकासाहेब. मला तो दिसला पाह्यजे. न्हाई दिसला तर माझ्या पोटात सुया टोचतेन. लेकरू हाय आत."

"कुत्रा बिघडवला तू माझा," ते म्हणाले. आवाज चढवलासुद्धा नाही. "आता लेकराचं मला सांगती का?"

मी पायरीवर बसले. सरळ मांडी घालून बसले. आत्याबाई घाबरल्या, "ऊठ पोरी, ऊठ," म्हणायला लागल्या, पण मी त्यांचा हात धरून त्यांनाही शेजारी बसवलं. गल्लीत माणसं थांबू लागली. सोयऱ्यांनी कप खाली ठेवला आणि उगीच आभाळाकडं बघायला लागले. मी जागची हलले नाही.

तेवढ्यात आतून उषाबाईंचा आवाज आला. मोलकरणीवर ओरडत होत्या. एरवी त्या हळू बोलणाऱ्या, आज आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जात होता. "अगं, मळ्यात पुंजारामाची न्याहारी गेली का न्हाई? जल्दी धाड. अन् कुत्र्याचीबी भाकर दे त्यात, आज शेवटचीच हाय त्याची!"

मी उठले. उषाबाईंकडं पाहिलं नाही, पाहिलं असतं तर त्यांचं घरात राहणं अवघड झालं असतं. सरळ मळ्याची वाट धरली.

सहा महिन्यांचं पोट आणि चावलेला पाय घेऊन नांगरटीतून भराभरा चालणं काय असतं, ते चाललेल्यालाच कळेल. आत्याबाई मागून धापा टाकत येत होत्या. गोठ्याशी पोहोचलो तर पुंजाराम लिंबाखाली बसलेला, शेजारी कुऱ्हाड. बुंध्याला कप्तान बांधलेला. त्याचं तोंड सुतळीनं करकचून आवळलेलं.

"मालकानं सांगितलं, न्याहारी झाली का काम उरक," पुंजाराम माझ्याकडं न बघता म्हणाला. "माझ्या हातून होईना. पिल्लू असल्यापसून म्याच भाकर घातली त्याला."

"पाणी पेला का तो?"

पुंजारामानं बुंध्याशी ठेवलेल्या भगुण्याकडं बोट केलं. मग म्हणाला, "न्हाई. काल सांजच्यापारी ठिवलं, तोंड लावलं न्हाई. रातभर वरडत व्हता म्हणून पहाटं तोंड बांधलं."

पाणी प्याला नाही. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला तोंड लावत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी पोटावर हात ठेवला. आतलं लेकरू शांत होतं, आणि ते शांत आहे याचीच मला भीती वाटली.

"सोडा त्याचं तोंड," मी म्हणाले.

"म्या न्हाई. पिसाळला आसंल तर?"

"मंग मी सोडते."

"बाई, तुला याड लागलंय का?" आत्याबाईंनी माझा पदर धरला. "दोन जिवांची हायेस!"

"दोन जिवांची हाये म्हणूनच, आत्याबाई. हा पिसाळला असंल तर इख माझ्या अंगात गेलंच हाय, आजून चावून काय वाढवणार? अन् नसंल तर मला आत्ता कळलं पाह्यजे."

पदर सुटला. मी कप्तानाच्या समोर बसले. तो कापत होता. तोंडाजवळ सुतळीनं कातडी सोलली होती, डोळे लाल. मी हात पुढं केला तर घशातून गुरगुरला. "उगी," मी म्हणाले, "उगी रे." गाठ ओली होऊन फुगली होती. पण गुंता सोडवण्यात माझी सगळी उमर गेलेली. नखानं एक पदर ढिला केला, मग दुसरा. सुतळी गळून पडली. त्याचं तोंड माझ्या मनगटाला लागून उघडलं. आत्याबाई किंचाळल्या.

त्यानं जांभई दिली. लांबलचक जांभई, आणि सुजलेले ओठ चाटले.

मी भगुणं पुढं ओढलं. त्यानं हुंगलं आणि मान फिरवली. आत बघते तर कालचं पाणी, त्यात कडब्याचा कचरा आणि मेलेली गोम. मी ते ओतून दिलं. पुंजारामानं विहिरीचं ताजं पाणी आणलं. कप्तानानं पुन्हा हुंगलं आणि प्याला. भगुणं रिकामं होईपर्यंत प्याला, पुन्हा भरलं तर पुन्हा प्याला. तेवढ्यात घरून पुंजारामाची न्याहारी आली, त्यातली भाकरही त्यानं खाल्ली.

मी तिथंच मातीत बसून हमसाहमशी रडले. आत्याबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि स्वतःही रडत होत्या.

माझं काम झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुरं झालं होतं, मला खुशाल घरी जाता आलं असतं. पुंजारामानं कुऱ्हाडीकडं पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं. मला चावला तेव्हा ह्याला कुणी मारलं नाही. उलट दूध-भाकर चालू होती. आणि आमच्याकडं बघून शेपूट हलवली, तर मरण? एवढा मोठा गुन्हा झाला का तो?

"साखळी आणा," मी म्हणाले. "मालकाला सांगा, मी हिसकून नेला."

पुंजारामानं स्वतःच्या हातानं साखळी अडकवली.

कप्तानाला घेऊन मी गावात शिरले. वेशीपासून माणसं मागं लागली. कडूबा आणि त्याचे दोस्तही आले. कप्तान माझ्या डाव्या बाजूनं चालत होता, मी लंगडत होते आणि तोही थकलेला, त्यामुळं दोघांची चाल बराबर जमली होती.

काकासाहेब ओट्यावर उभे राहिले. "काय आणलंस हे?"

"तुमचा कुत्रा. मळ्यात हरवला होता," मी म्हणाले. "घ्या."

मी साखळीचा हात पुढं केला. आमच्या हातातली वस्तू त्यांनी कधी हातात घेतलेली नव्हती. पैसे असोत की कापड, आम्ही खाली ठेवायचं, त्यांनी उचलायचं.

"खाली ठिव," ते म्हणाले.

"खाली ठिवली का सुटंल. सुटला अन् कुणाला चावला तर मला बोल लावू नका."

कप्तानानं गादीवरच्या सोयऱ्यांना आता नीट पाहिलं. कडक धोतर, परका वास. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले आणि तो दात दाखवून असा गुरगुरला, की माझ्या मनगटाला हिसका बसला. सोयऱ्यांनी पाय वर घेतले, टोपी गादीवर पडली. "घ्या हो काकासाहेब! घ्या ना हातात!" ते ओरडले. "काय बघून राह्यले?"

काकासाहेब एक पायरी उतरले, मग दुसरी. त्यांनी हात पुढं केला. साखळीचं कडं लहान होतं, धरायला जागा थोडी. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि मी कडं सोडायची बिलकुल घाई केली नाही.